'कमांडो' म्हणजे एक माणूस नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'कमांडो' हा शब्द 'कमांड' म्हणजे हुकूम यावरून आला, तर हुकूम देणारा तो कमांडो का? आणि मराठीत 'छापामार' म्हटलं तर चालेल का?

हुकूम देणारा तर मुळीच नाही. मंत्र्यांच्या गाडीशेजारी काळ्या कपड्यांत धावणारा जो दिसेल तो बातम्यांत 'कमांडो' होतो, हे ऐकून कान किटले आहेत. एकट्या सैनिकाला कमांडो म्हणणं मागाहून रूढ झालं; मुळात एकटा माणूस कमांडो नव्हेच. कमांडो ही तुकडी.

हा शब्द इंग्रजांनी उचलला तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या, शेतकऱ्यांकडून. सोळा ते साठ वयाच्या पुरुषाने बोलावणं आलं की स्वतःचा घोडा आणि बंदूक घेऊन हजर व्हायचं आणि अधिकारीही आपणच निवडायचे. अशा जिल्हावार घोडदळाला ते 'कमांडो' म्हणत. ब्रिटिशांशी झालेल्या युद्धात १९०० साली ब्लूमफाँटेन आणि प्रिटोरिया या बोअरांच्या राजधान्या पडल्यावरही या कमांडोंनी दोन वर्षं ब्रिटिशांना दमवलं. ब्रिटिश सेनापती किचनेरला शेतं जाळावी लागली, बायकामुलांना छावण्यांत कोंडावं लागलं. पकडलेले काही बोअर तर थेट आपल्या अहमदनगरला आणून ठेवले होते.

पुढे जून १९४०. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य कसंबसं परतलं होतं. बोअरांच्या ट्रान्सव्हालमध्ये जन्मलेल्या डडली क्लार्क या अधिकाऱ्याने सुचवलं की लहान तुकड्या समुद्रापार पाठवून जर्मनांवर छापे घालू, आणि त्यांना बोअरांचंच नाव देऊ. चर्चिलना ते लगेच पटलं. का पटणार नाही? १८९९ साली वार्ताहर म्हणून गेले असताना त्यांना बोअरांनीच पकडलं होतं! त्याच जूनच्या २४ तारखेच्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहिला छापा पडला.

आता खरी गंमत. काही इंग्रजी कोश 'पोर्तुगीज कोमांदो' एवढं लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपला, १६५२ साली वसाहत केली ती डचांनी, शब्द त्यांच्या तोंडचा. आणि डच ऐंशी वर्षं कोणाशी लढत होते? स्पेनशी. स्पॅनिशमध्येही 'कोमांदो' आहेच. तेव्हा डचांनी तो शत्रूकडून घेतला असावा असा माझा अंदाज आहे. पुढे ब्रिटिशांनी तो बोअरांकडून, म्हणजे पुन्हा शत्रूकडूनच घेतला. ज्याने आपल्याला जेरीस आणलं त्याचाच शब्द अंगावर चढवायचा, ही लढवय्यांची जुनी रीत दिसते.

आपलं उदाहरण तर याहून लख्ख आहे. फारसी तवारिखा मराठ्यांना 'गनीम' म्हणजे शत्रू, लुटारू म्हणत. ती शिवी आपण 'गनिमी कावा' म्हणून मिरवली. त्यातला 'कावा' म्हणजे मुळात घोडा गोल फिरवणं. लबाडी हा अर्थ मागाहून चिकटला. गनिमी काव्यातही घोडा आणि बोअरांच्या कमांडोतही घोडा, हे ज्याला दिसलं त्याला दोन्ही शब्द कायमचे कळले.

राहिला 'छापामार'. तो हिंदीचा. मराठीत छापा घालतात. शिवाय त्यातून बिनसरकारी बंडखोर डोळ्यांपुढे येतो, आणि १९४० चे कमांडो हे पगारी, शिस्तीतलं सैन्य होतं. आपल्याकडेही १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांच्या 'मेघदूत' दलाने शत्रूच्या हद्दीत शिरून कामगिरी केली आणि १९६६ साली नववी पॅरा कमांडो बटालियन उभी राहिली. तिथेही कमांडो हे नाव बटालियनचं होतं.

म्हणून शब्द 'कमांडो'च ठेवा. एका सैनिकाबद्दल लिहायचं असेल तर 'कमांडो दलातला जवान' लिहा.