चौकाच्या घराचं संग्रहालय करताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बहारीनच्या मुहर्रक शहरातल्या जुन्या घराचं संग्रहालय करायचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. मुंबईच्या बाजारात बसरा मोती म्हणून जे नावाजले गेले, त्यांतले पुष्कळसे बहारीनच्या समुद्रातले. व्यापाऱ्यांची ही घरं त्याच पैशातून उभी राहिली. २०१२मध्ये युनेस्कोनं हा मोत्यांचा वारसा जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा शहरातल्या १७ इमारतीही त्यात आल्या. आधी त्या नीट बघून घे.

आराखडा काढण्याआधी ओल आणि मीठ मोज. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळदगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. दगड सच्छिद्र, त्यात मूळचंच मीठ, आणि भूजल अगदी वर. ओल भिंतीत चढते, वाळते तिथं मीठ धरतं आणि गिलाव्याच्या खपल्या पडतात. जमिनीपासून दोन मीटरपर्यंत, दर अर्ध्या मीटरवर बारीक ड्रिलनं भुकटी काढ; ० ते १, १ ते ३ आणि ३ ते ५ सेंटिमीटर खोलीची वेगवेगळी. ती ऊर्ध्वपातित पाण्यात ठरावीक प्रमाणात ढवळून पाण्याची वाहकता मोज; ती जितकी जास्त, तितकं मीठ जास्त. मीठ वरवरचं असेल तर कागदाच्या ओल्या लगद्यानं ओढून काढता येतं. खोल असेल तर लगद्यावर पैसे घालू नकोस. खालच्या दीड मीटरला चुन्याचा मऊ, सच्छिद्र गिलावा दे आणि तो मिठानं भरला की उतरवून नवा कर. तो झिजण्यासाठीच असतो, हे मालकांना आधीच सांगून ठेव.

जुन्या दुरुस्तीतलं सिमेंट हा मोठा शत्रू. ते ओल कोंडतं, म्हणून ओल आणखी वर चढते. शिवाय ओलसर भिंतीत जिप्सममधल्या सल्फेटशी त्याची प्रक्रिया होऊन ते फुगतं. छिन्नीनं, हातभर जागा घेत काढ, यंत्रानं नको. सिमेंटबरोबर दगड सुटायला लागला तर तिथंच थांब. चौकात फरशी घालण्याचा आग्रह होईलच. मान्य करू नकोस: चौकातून उडणारी ओल कोंडली की ती भिंतींकडे वळते.

छत आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखं. खाली पूर्व आफ्रिकेहून आणलेले खारफुटीचे वासे, बहारीनमध्ये त्यांना दंचल म्हणतात. त्यावर बांबूच्या पट्ट्या, चटई आणि माती. वासे तीन-चार मीटरचे, म्हणूनच खोल्या अरुंद. ते कुजतात भिंतीत गेलेल्या टोकाशी. तिथं आरी टोचून बघ, नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नकोस. टोकच गेलं असेल तर भिंतीलगत लाकडी तुळई देऊन वासा वाचतो. जिप्सममध्ये साधं लोखंड गंजतं, खिळे-पट्ट्या स्टेनलेसच्याच घे. वर्षानुवर्षं चढवलेली जादा माती उतरव. दहा सेंटिमीटर थराचं वजन दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातं. संग्रहालयाच्या दालनाला चारशे-पाचशे किलोंचा भार धरतात, तो हे छत पेलणार नाही. वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसं, हे अभियंत्याकडून लेखी घे.

खरा झगडा वातानुकूलनावर होईल. उन्हाळ्यात बाहेरची हवा इतकी दमट असते की २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीचं दार उघडलं की भिंतींना पाणी सुटतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक. प्रत्येक फेऱ्यात दगड थोडा भुगा होतो. म्हणून वस्तूंसाठी घर बदलू नकोस, घराला मानवतील त्या वस्तू निवड. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांची दगडी वजनं, मोती चाळायच्या पितळी चाळण्या, तराजू, मातीची भांडी, हे सगळं उघड्या खोल्यांत राहू शकतं. हिशेबाच्या वह्या आणि कापड मात्र शेजारच्या नव्या इमारतीत, बंद कपाटात, उजेड ५० लक्सच्या आत. अमुक दालन थंड हवंच असा हट्ट झाला तर एकच खोली दे, दुहेरी दाराची, २५ अंशांवर. वायरींसाठी भिंती खोदू देऊ नकोस. जमिनीलगतच्या लाकडी पट्टीमागून ने.

अंदाजपत्रकात दरवर्षी पावसाआधी पन्हळी साफ करणं, छताची माती चोपणं, तळाचा गिलावा बदलणं आणि एका जाणत्या गवंड्याचा पगार यांची तरतूद उद्घाटनाआधीच मंजूर करून घे. नंतर ती मिळत नाही.

कळावे,
तुझा हितचिंतक