आल्या वाटेने मागे गेल्यावर हरवलेलं खरंच सापडतं का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. किल्ल्यांचा जुडगा हरवलाय आणि घरचे म्हणतायत, "आल्या वाटेने मागे जा, मिळेल", तर त्यात काही तथ्य, काही शास्त्रीय आधार आहे का, हा पहिला. आणि जाता जाता, आयुष्यात रस्ता चुकला तरी असंच मागे जावं का, हा दुसरा. किल्ल्यांचं आधी सांगते: हो, जा. पण पायांनी जायच्या आधी डोक्याने जाऊन या, आणि घराच्या दारापासून सुरुवात करू नका. असं का, ते सांगायला एक गोष्ट सांगावी लागेल आणि ती लांबेल. आमच्या घरात या विषयावर अकरा वर्षं भांडण चालू आहे.

बाबा, दादा आणि मी एका टेकडीवरच्या जंगलात फिरायला गेलो होतो. गोल वाट, साधारण पाच किलोमीटरची, जिथून निघायचं तिथेच परत यायचं. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एक कान कधीचाच गेलेला, दुसऱ्या कानामागे यंत्र. फिरून गाडीपाशी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. दादाने विचारलं, "बाबा, पुढे बसता की मागे?" बाबा छान हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "हो."

मी त्यांच्या कानामागे पाहिलं. काहीच नव्हतं.

दादाचं म्हणणं लगेच तयार होतं. पाच किलोमीटरची वाट, बोटाच्या पेराएवढी वस्तू, तासाभरात अंधार. सोडून दे, नवीन घेऊ. आता खरं सांगायचं तर हे काही वेडगळ बोलणं नव्हतं. पण त्याचं पुढचं वाक्य मला लागलं: "तुला मागे जायचं निमित्तच हवं असतं."

ते का लागलं ते नंतर. आधी यंत्राचं.

मी हिशेब लिहिते. तीस वर्षं होत आली, मधली सहा सोडून. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे यांचा ताळा, जुळली नाही तर नवशिका माणूस पहिल्या पानापासून सगळी किर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, पुन्हा वाचायला बसतो आणि रात्री अकरा वाजता रडकुंडीला येतो. जुना माणूस आधी नुसता फरकाकडे बघतो. फरकाला ९ ने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता दाट, ५४ चे ४५ झालेत. २ ने भाग गेला तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, ती नावेऐवजी जमेला गेली असेल. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर जुळल्याची शेवटची तारीख शोधायची आणि तिथून पुढचंच तपासायचं. त्याच्या आधीचं बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही.

तेच मी गाडीला टेकून केलं. बाबा शेवटचं नीट कधी बोलले? ओढ्यावरच्या लाकडी पुलावर मी विचारलं होतं, "दम लागला का?" आणि ते म्हणाले होते, "तुलाच लागलाय." म्हणजे पुलापर्यंत ऐकू येत होतं. माथ्यावर दादाने त्याच्या धंद्यातल्या एका व्यवहाराची गोष्ट पाऊण तास सांगितली. बाबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. दादाला वाटलं ते मन लावून ऐकतायत. बाबा दादाचं बोलणं इतकं शांतपणे ऐकून घेतायत, यातच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं.

म्हणजे पूल ते माथा. दीड किलोमीटरसुद्धा नाही.

मग मी एका पावतीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, "स्वेटर कुठे काढला?" बाबांनी वाचलं, जरा विचार केला, आणि हाताने बसल्यासारखं करून दाखवलं. दगडावर. डोक्यावरून स्वेटर ओढताना यंत्र कानामागून निसटणं अगदी सोपं आहे, ज्यांच्या घरात असं यंत्र आहे त्यांना हे सांगायला नको.

तो कागद बाबांच्या हातात असताना मला दुसरीच गोष्ट सुचली आणि अंगावर काटा आला. अर्धीअधिक वाट या माणसाला काही ऐकू येत नव्हतं. तो आमच्या तोंडाकडे बघून मान हलवत होता, आणि त्याची आम्हा दोघांनाही दाद नव्हती.

असो. बाबांना गाडीत बसवलं, मी विजेरी घेतली आणि उलट्या दिशेने चालू लागले. दादा कुरकुरत मागून आलाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या किल्ल्यांसाठीही. उलट चालताना तीच वाट तीच राहत नाही. चढ होता तो उतार होतो, झाडाची दुसरी बाजू दिसते, खुणेचा दगड खुणेचा वाटत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जाताना जिथे दुसरी वाट येऊन आपल्या वाटेला मिळते, तिथे आपलं लक्षही जात नाही, कारण निवडायचं काही नसतंच. परतताना तिथेच फाटा होतो. दोन वाटा समोर, दोन्ही सारख्याच पायाखालच्या, आणि आपण कुठल्या वाटेने आलो ते आठवत नाही, कारण तेव्हा तो प्रश्नच पडला नव्हता. जंगलात फिरणारी माणसं जाताना अधूनमधून थांबून मागे वळून बघतात ते यासाठी. आपल्या भाषेत त्याला सुंदर शब्द आहे, सिंहावलोकन. चालता चालता सिंह मान वळवून मागची वाट बघतो, ती नजर. आपण तो शब्द वार्षिक अहवालातल्या भाषणासाठी ठेवून दिलाय.

आम्ही कोणीच मान वळवली नव्हती. फाट्यावर वाद झाला. दादाच्या म्हणण्याप्रमाणे डावीकडे गेलो. पंधरा मिनिटं चाललो, पूल येईना, माथाही येईना. दादा म्हणत होता, आपण सरळच चाललोय. (याबद्दल मी पुढे वाचलं. २००९ मध्ये यान साऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहावरून माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलं की गोल फिरून स्वतःच्याच वाटेला छेद देऊ लागली, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.) शेवटी फाट्यावर परत आलो. म्हणजे त्या दिवशी मागे जाण्यासाठी निघालेलो आम्ही, त्यातूनही मागे गेलो. परतीच्या त्या वीस मिनिटांत दादा एक शब्द बोलला नाही.

उजव्या वाटेने तो दगड दहा मिनिटांत आला. विजेरी फिरवली, काही नाही. पालापाचोळ्यात सगळंच तपकिरी, यंत्रही तपकिरी. मग मी बाबा बसले होते तशी दगडावर बसले, स्वेटर काढायचं नाटक केलं आणि उजवा हात जिथे जाईल तिथला पाचोळा मुठीने चाचपायला लागले. तिसऱ्या की चौथ्या मुठीला बारीक शीळ ऐकू आली. चालू यंत्रावर हात झाकला की त्याचाच आवाज त्याच्यातच परत शिरतो आणि ते शिटी मारतं. घरात तो आवाज आला की आम्ही वैतागायचो.

दादा म्हणाला, "नशीब." आजही तो नशीबच म्हणतो.

गाडीत बाबांनी यंत्र कानाला लावलं, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठवर भांडलात?"

आता तुम्ही विचारलेला शास्त्रीय आधार. तो आहे, पण लोक समजतात तसा नाही. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या, काही काठावर, काही पाण्याखाली. जिथे पाठ केलं तिथेच विचारलं तर जास्त आठवलं. पोलिसांच्या साक्षी घेण्याच्या एका पद्धतीत साक्षीदाराला आधी ती जागा, तो उजेड, तो आवाज मनात उभा करायला सांगतात, त्यामागचा विचार हाच. पण दुसरी बाजूही आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की कशासाठी आलो ते विसरतो ना, त्यावर गेब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी प्रयोग केले. २०११ च्या त्यांच्या निबंधात असं आलं की दार ओलांडल्याने विसरायला होतं हे खरं, पण मूळ खोलीत परत गेल्याने काही फायदा झाला नाही. म्हणून म्हणते, नुसते पाय मागे नेऊन भागत नाही. त्या वेळी हात काय करत होते ते आठवा. तुमचा जुडगा तुम्ही चालताना पडलेला नसणार. काहीतरी काढताना, ठेवताना, फोन उचलताना हातातून सुटला असणार. चावीने उघडलेलं शेवटचं कुलूप ही तुमची जुळलेली शेवटची तारीख. त्याच्या पुढचंच शोधा.

हे सगळं मी दादाशी भांडायला वाचलं, हे लपवत नाही. तोही गप्प बसत नाही. गेल्या वर्षी त्याने मला वाळवंटातल्या एका मुंगीबद्दल पाठवलं. ती अन्न शोधत नागमोडी भटकते, पण परतताना आल्या वाटेने येत नाही, थेट बिळाकडे सरळ रेषेत येते. खाली दादाचं वाक्य: "मुंगीलाही अक्कल आहे." मी पुढचं वाचून त्याला उलट पाठवलं. २००६ मध्ये संशोधकांनी अन्नापाशी पोचलेल्या अशा मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले. परतताना त्या बिळाच्या बऱ्याच पुढे निघून गेल्या. पाय आखूड केलेल्या अलीकडेच थांबल्या. म्हणजे मुंगीला सरळ येता येतं, कारण जातानाचं प्रत्येक पाऊल तिच्या हिशेबात असतं. हिशेब नसलेल्याने सरळ रेषेच्या गप्पा मारू नयेत.

आता ती सहा वर्षं. बत्तिसाव्या वर्षी मी हिशेबाचं काम सोडून दादाच्या धंद्यात गेले. ठरवून गेले असंही नाही. आधी त्याची खाती बघायला, मग माल बघायला, मग गिऱ्हाइकं सांभाळायला. म्हणजे दुसरी वाट येऊन मिळाली आणि मी चालत राहिले. अडतिसाव्या वर्षी परत फिरायचं ठरवलं तेव्हा तिथे फाटा होता. जुन्या जागी माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता माझी साहेब होती, आणि कामाची पद्धत इतकी बदललेली की पहिले तीन महिने मीच तिला विचारून एंट्री करत होते. लाज वाटली, हो. पण हिशेब मला येतो आणि आवडतो, हे मी शेवटचं खात्रीने म्हणू शकत होते ते तिथेच. दादा याला आजही "मागे जाणं" म्हणतो. भाषाही त्याच्याच बाजूची आहे बघा: पुढे पाऊल म्हणजे प्रगती, पाऊल मागे घेतलं की घाबरला, आणि आल्या पावली परतला तो रिकाम्या हाताचा.

९ जानेवारी १९०९ ला ध्रुवाकडे तिघा साथीदारांना घेऊन निघालेला शोधप्रवासी शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवरून मागे फिरला. पुढे गेलो तर परतीला अन्न पुरणार नाही, हा साधा हिशेब. चौघेही जिवंत परतले. हे मी दादाला सांगितलं तर म्हणतो, "मग स्कॉट? तो तर ध्रुवावरून परत येतानाच मेला." बरोबर आहे, मार्च १९१२ मध्ये, त्याच्या अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून जेमतेम २० किलोमीटरवर. पण तो साठा एक वर्ष आधी, घोडे थकले म्हणून, ठरल्यापेक्षा पन्नासहून जास्त किलोमीटर अलीकडे टाकला होता. चूक परतीत नव्हती, जातानाच झाली होती. यावर दादाकडून अजून उत्तर आलेलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की अगदी सुरुवातीला जाऊ नका. जिथपर्यंत जुळत होतं तिथे जा. एक मात्र आधी लिहायला हवं होतं: ज्या माणसाने त्रास दिला त्याच्याकडे परत जाण्याला हे लागू नाही, तिथून सरळ पुढे निघा. आणि डोंगरात खरोखर वाट चुकली आणि अंधार पडला, तर आमच्यासारखं विजेरी घेऊन भटकू नका. थांबा, उजाडू द्या. आणखी एक, पाणबुड्यांचा तो प्रयोग २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक आढळला नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका.

दादा हे वाचणार आहेच. दादा, त्या फाट्यावर उजवीकडे जाऊ असं मी म्हटलं होतं. तू नाही.