पुढे तीन चेनरिंग की एकच? २४ गिअर मोजू नका

तुमचा प्रश्न असा: दोन्ही सायकली २९ इंची, एक ३×८ (पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या तीन चकत्या, म्हणजे चेनरिंग; मागे ११ ते ३२ दात्यांच्या आठ), दुसरी १×९ (पुढे एकच ३२, मागे ११ ते ४२ च्या नऊ). रोज हिंजवडी, रविवारी सिंहगड, पावसाळ्यात कच्च्या वाटा. कोणती घ्यावी?

मी १×९ घेईन, आणि दुकानातच पुढची ३२ काढून ३० दात्यांची चकती बसवून घेईन.

२४ गिअर हा आकडा फसवा आहे. पुढे ४२ मागे २८, पुढे ३२ मागे २१ आणि पुढे २२ मागे १५ हे तीन वेगळे गिअर दिसतात, पण तिन्हींचं गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे) दीडच्या आसपास. शिवाय पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी अशी तिरकी चेन चालवू नये, म्हणजे अजून काही वजा.

बघायची ती दोन टोकं. चढावरचा सगळ्यात हलका गिअर ३×८ वर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. १×९ वर ०.७६, आणि ३० ची चकती लावली की ०.७१. फरक उरतोच, पण पाय तक्रार करणार नाहीत इतका. दुसऱ्या टोकाला ३×८ जिंकते: मिनिटाला ८० पायडल मारलेत तर ४२-११ वर वेग साधारण ताशी ४२ किलोमीटर, ३०-११ वर ३०. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ४२ ने कोण जातंय!

हे गणित मी आधी केलं नव्हतं. माझ्या जुन्या ३×८ चा पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) पावसाळ्यात चिखलाने गच्च भरायचा आणि चेन छोटी चकती आणि फ्रेमच्या मध्ये जाऊन अडकायची. वैतागून डिरेलर काढला, पुढे एकच ३२ ठेवली आणि मागची ११-३२ तशीच राहू दिली. म्हणजे हलक्यात हलका गिअर १! मिनिटाला ६० पायडल मारायचे तर ताशी ८ किलोमीटरच्या वर जावं लागतं, आणि सिंहगडाच्या चढावर ते मला कुठून जमणार. पुढचे दोन रविवार सायकल हातात धरून वर गेलो. चूक पूर्ण माझीच. पुढे एक चकती हवी असेल तर मागे ४२ हवीच.

२×, म्हणजे पुढे दोन चकत्या, लांबच्या, सामान लादून केलेल्या प्रवासाला छान. तुम्हाला गरज दिसत नाही.

दुकानात दोन गोष्टी तपासा. मागच्या डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) आहे का? केज, म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा हात, पुढे ओढून बघा, घट्ट लागली पाहिजे, नाहीतर खड्ड्यांत चेन उडते. आणि मागच्या चाकाचा हब कोणता? नंतर कधीतरी शिमानोची १०-५१ ची १२ गिअरवाली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकायचा मोह होईल, पण ती नेहमीच्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसते तो भाग) बसत नाही, मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. शिफ्टर, डिरेलर, चेन बदलावी लागेल ते वेगळंच.