चहा, टी आणि मधला 'ड'

प्रश्न असा आहे: चिनी लिपीत चहासाठी एकच अक्षर आहे म्हणतात, मग त्यातून 'चहा' आणि 'टी' असे एकमेकांशी जराही न जुळणारे दोन शब्द कसे निघाले? त्याला दोन उपप्रश्न जोडलेले आहेत. ते अक्षर म्हणजे 'गवत आणि झाड यांच्यामध्ये बसलेला माणूस' ही गोष्ट खरी का? आणि मराठीत त्याचा उच्चार 'चा' लिहावा की 'छा'?

मुख्य उत्तर आधी देऊन टाकतो. अक्षर खरोखरच एक आहे. दोन्ही उच्चारांच्या वाटा ज्या ध्वनीपाशी फुटतात, तो ध्वनी इंग्रजाला किंवा फ्रेंच माणसाला तोंड उघडून दाखवावा लागतो, आपण मात्र तो बालवाडीत घोकलेला असतो: ट-ठ-ड-ढ-ण मधला ड. तिथे पोचायला अक्षराच्या जन्मकथेतून जावं लागतं, म्हणून सुरुवात तिथून.

आज लिहिलं जाणारं अक्षर (茶) नऊ फटकाऱ्यांचं आहे. वर गवताची खूण, मध्ये छपरासारखं दिसणारं माणसाचं चिन्ह, खाली झाड. यावरून चिनी लोक आवडीने सांगतात की चहा म्हणजे माणूस हिरवाईत जाऊन बसणं. कल्पना सुंदर आहे, मलाही आवडते, पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. हे अक्षर कुणी चहाचा विचार करून रचलेलंच नाही. त्याच्याआधी दहा फटकाऱ्यांचं एक जुनं अक्षर (荼) होतं, त्यातली एक आडवी रेघ गळाली आणि उरलेल्या भागात योगायोगाने माणूस आणि झाड दिसू लागलं. जुन्या अक्षरात गवताची खूण 'ही वनस्पती आहे' एवढंच सांगायची आणि खालचा भाग फक्त उच्चार सुचवायचा. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनली आहेत: अर्धं अंग अर्थाचं, अर्धं उच्चाराचं.

त्या जुन्या अक्षराचा आजचा मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनीतला, उच्चार 'थू'. मूळ अर्थ कडू पालेभाजी. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात नवऱ्याने टाकलेली एक बाई म्हणते की माझ्या दुःखापुढे ही कडू भाजीसुद्धा गोड लागते. त्याच संग्रहात हेच अक्षर गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांसाठीही येतं, आणि तो दुसरा अर्थ अजून जिवंत आहे. एखादं काम जोरात, धडाक्यात चालू असलं की चिनीत 'आगीसारखं, थूसारखं' असं म्हणतात. ही उपमा एका सैन्याच्या वर्णनातून आली आहे: एक तुकडी पांढऱ्या पोशाखात तुऱ्यांच्या रानासारखी, दुसरी तांबड्या पोशाखात वणव्यासारखी. तिसरीकडे हेच अक्षर विषाच्या अक्षराला जोडलं की छळ, नासाडी असा अर्थ होतो. तिथे मूळचा कडूपणा उरलेला आहे.

चहाची पानंही कडूच, त्यामुळे त्यांना वेगळं अक्षर न करता हेच लावलं गेलं. इ.स.पूर्व ५९ मध्ये सछ्वान प्रांतातल्या वांग पाव नावाच्या लेखकाने नोकराशी केलेला एक गमतीदार करारनामा लिहिला. त्यात नोकराच्या कामांच्या लांबलचक यादीत 'थू' उकळणं आणि लांबच्या बाजारातून 'थू' आणणं ही दोन्ही कामं आहेत. एवढ्या लांब जाऊन विकत आणायची वस्तू परसातली भाजी नसणार, म्हणून तो चहाच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे कुओ फू (२७६–३२४) या भाष्यकाराने एका प्राचीन कोशावर लिहिताना शंकेला जागाच ठेवली नाही: झाड लहान, पानं उकळून पेय करतात, लवकर खुडलेल्या पानांना एक नाव आणि उशिरा खुडलेल्यांना 'मिंग'. हा 'मिंग' शब्द आजही चहाच्या दुकानांच्या नावांत सापडतो.

म्हणजे कित्येक शतकं एकाच अक्षराने भाजी, तुरे आणि चहा असे तीन संसार सांभाळले. चहा थांग राजवटीत (सातवं ते दहावं शतक) घरोघरी पोचला तेव्हा ही अडचण जाणवू लागली. आठव्या शतकात लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो नोंदवतो की हा शब्द कुणी गवताच्या खुणेने लिहितं, कुणी झाडाच्या, तर कुणी दोन्ही वापरतं. गवताची खूण असलेलं नवं रूप ७३५ साली राजाश्रयाने झालेल्या एका कोशात आल्याचंही त्याने सांगितलं आहे.

पण कोशात आलं म्हणून लोकांच्या हातात आलं असं होत नाही. हे बदललं कधी, याचा शोध गू यान-वू (१६१३–१६८२) याने कोशांऐवजी शिलालेखांत घेतला, आणि मला या सगळ्या कथेतला सर्वांत आवडता माणूस तोच वाटतो. थाय पर्वतावर त्याने ७७९ आणि ७९८ सालचे कोरीव लेख पाहिले. दोन्हींत जुनीच दहा फटकाऱ्यांची खोदाई होती. ८४१ आणि ८५५ च्या शिलालेखांत मात्र ती रेघ नाही. यातल्या ८५५ च्या लेखातला शब्द चहाचा नाहीच! तो आहे बौद्ध भिक्षूच्या दहनविधीचा, 'थू-फी', जो पालीतल्या 'झापेति' म्हणजे जाळणे या क्रियापदाशी जोडला जातो. चहाशी काडीचा संबंध नसलेल्या शब्दातसुद्धा रेघ गळाली, याचा अर्थ तेव्हा लिहिणाऱ्यांच्या हाताला नऊ फटकाऱ्यांचं वळण पडलं होतं. दोन अक्षरांची कामं पक्की वाटली गेली ती नंतर: रेघेसह भाजी आणि बौद्ध शब्द, रेघेविना चहा.

आता उच्चार. हे बौद्ध शब्दच आपल्याला 'ड'पाशी घेऊन जातात.

चिनी लिपीत वर्णमाला नाही, त्यामुळे जुना उच्चार अक्षराकडे बघून कळत नाही. पण संस्कृत ग्रंथांचं भाषांतर करताना भिक्षूंना भारतीय नावं चिनी अक्षरांत बसवावी लागत आणि त्यासाठी ते सर्वांत जवळच्या उच्चाराचं अक्षर शोधत. त्या काळी त्या अक्षराचा ध्वनी काय होता, याचा हा आपल्या भाषांतून मिळणारा पुरावा आहे. आपलं दहा फटकाऱ्यांचं अक्षर कुठे वापरलं आहे बघा. मंडल: मान-थू-ल्वो. डाकिनी: थू-ची-नी. कुंभांड (बौद्ध कथांतली एक राक्षसजात): शेवटचं अक्षर हेच. युआन च्वांगने (आपल्या पाठ्यपुस्तकांतला ह्यूएन त्संग) द्रविड देशाचं नाव लिहिलं, त्यातही शेवटी हेच. चारही ठिकाणी ते नेमकं 'ड'च्या जागी बसलं आहे. या अक्षराला तेव्हा एकाहून अधिक उच्चार होते आणि चहाच्या अर्थाचा उच्चार 'डा'सारखा, मूर्धन्य, जीभ टाळूकडे वळवून केलेला होता. जपानी लोक आजही मंडलाला 'मांदारा' म्हणतात. त्यातला 'दा' म्हणजे त्याच ध्वनीचा जपानी अवतार.

या 'ड'चं पुढे काय झालं? उत्तरेत त्यातला घोष (घशातला कंप) गेला आणि महाप्राण (हवेचा झोत) आला, म्हणजे 'ड'चा 'ठ'सारखा ध्वनी झाला. मग जीभ टाळूवरून सुटताना घासू लागली आणि 'ठा'चा 'छा' झाला. तिबेटी लिपीत हा शब्द 'ज' असा लिहितात. घोष अजून गेला नव्हता, पण घासणं सुरू झालं होतं, अशा मधल्या टप्प्यावर त्यांनी तो उचलला असावा असं दिसतं.

याच नियमाचा एक दाखला आपल्या घरचा आहे. युआन च्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, पुलकेशीच्या राज्यात. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या प्रदेशाचं नाव चार अक्षरांत आहे आणि शेवटचं अक्षर त्या काळी 'ठा' असं उच्चारलं जाई, प्राकृतातल्या 'महारट्ठ'मधल्या 'ट्ठ'साठी. आजचा चिनी माणूस तीच चार अक्षरं 'मो-ह-ला-छा' अशी वाचतो. महाराष्ट्रातला 'ट्र' ज्या वाटेने 'छा' झाला, त्याच वाटेने 'डा'चाही 'छा' झाला. फरक फक्त सुरांचा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते नाव मोठ्याने म्हणत बसलो होतो.

दक्षिणेला फूच्यान किनाऱ्यावरच्या मिन बोली मात्र मुख्य चिनी प्रवाहातून फार आधी फुटल्या होत्या. तिथे हा मूर्धन्य ध्वनी झालाच नाही, जुना दंत्यच राहिला. छ्यान ता-शिन (१७२८–१८०४) या पंडिताने दाखवून दिलं होतं की अतिप्राचीन चिनीत मूर्धन्य स्पर्श वेगळे नव्हतेच, ते दंत्यांतून निघाले. मिन बोली त्या अवस्थेची आठवण जपून आहेत. तिथे चहा म्हणजे 'ते', साधा दंत्य त. डच व्यापाऱ्यांनी या भागातल्या लोकांशी व्यवहार केला आणि 'ते' घेऊन गेले. त्यावरून फ्रेंच 'ते', जर्मन 'टे' आणि इंग्रजी 'टी', जिचा उच्चार सुरुवातीला 'टे' असाच होता. मलय 'तेह', सिंहली 'ते' आणि तमिळ 'तेनीर' हीही याच घरातली मंडळी.

'जमिनीवरून गेला तो चहा, समुद्रावरून गेला तो टी' हे वाक्य अलीकडे फार फिरतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण अर्धंच खरं. पोर्तुगीज समुद्रावरूनच आले, तरी त्यांच्या भाषेत शब्द आहे 'शा', 'छा' घराण्यातला. कारण ते १५५७ पासून दक्षिण चीनमधल्या मकावला होते आणि तिथली बोली कँटोनीज, जिच्यात आजही 'छा' म्हणतात. वाट कोणती यापेक्षा बंदर कोणतं हे महत्त्वाचं. खुष्कीच्या मार्गाने गेलेले फारसी 'चाय', तुर्की 'चाय', रशियन 'चाय' आणि आपल्याकडचे चाय, चा, चहा हे सगळे 'छा' घराण्याचे.

जपानीत तर एकाच अक्षराचे थर दिसतात: रोजचा 'चा', चहाघराच्या 'किस्सातेन'मधला 'सा', आणि कोशांत नोंदवलेले 'दा' व 'ता'. कोरियनमध्ये 'चा' आणि 'दा' दोन्ही चालतात. व्हिएतनामीत 'च्या'च्या जवळ जाणारा 'त्रा' आणि 'चे' असे दोन शब्द आहेत.

जाता जाता, दिवाणखान्यातल्या टीपॉयचा या 'टी'शी संबंध नाही. तो आपल्याच 'तिपाई'वरून, तीन पायांवरून इंग्रजीत गेला. त्यावर चहाचे कप ठेवतात म्हणून इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग चहासारखं केलं आणि तो तसाच आपल्याकडे परत आला.

माणूस आणि झाड ही फोड व्युत्पत्ती म्हणून खोटी असली, तरी अक्षराची फोड करण्याची हौस चीन-जपानमध्ये जुनी आहे, आणि तिचं एक फळ आपल्याला जवळचं वाटेल. गवताची खूण म्हणजे दोन 'दहा' शेजारी शेजारी, वीस. उरलेला भाग सोडवला की आठ, दहा, आठ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. बेरीज १०८. म्हणून जपानीत १०८ व्या वाढदिवसाला 'चहाचं वय' असं नाव आहे. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या आपल्या माणसांना ही संख्या वेगळी सांगायला नको.

राहिला लेखनाचा प्रश्न. मराठीत मँडरिन उच्चार देताना 'छा' लिहा, 'चा' नको. चिनीत अल्पप्राण 'चा' हा निराळा उच्चार आहे आणि त्याची अक्षरं वेगळी आहेत. इथे हवा सोडावीच लागते. जीभ 'ठ' म्हणताना जाते तिथे न्यायची आणि तिथून 'छा' म्हणायचं. सूर खालून वर चढता, आपण 'हो?' असं नवलाने विचारतो तसा. कँटोनीज उच्चार द्यायचा असेल तर तिथेही हवा सोडलेलीच आहे, पण जीभ न वळवता, आणि सूर खाली उतरता.