ट्रॉयचे युद्ध हेलेनच्या सौंदर्यामुळेच झाले का?

नाही, ग्रीक कथेत स्पार्टाची राणी हेलेन हिला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस घेऊन जातो म्हणून ग्रीक युद्ध पुकारतात; युद्धाला निमित्त तिचे सौंदर्य असले, तरी त्या सौंदर्यावर खुद्द हेलेनची सत्ता कुठेच चालत नाही, आणि माझ्या मते सामर्थ्य व प्रेम यांविषयी ही कथा जे सांगते ते नेमके इथे आहे. तीन देवींमध्ये सर्वांत सुंदर कोण, याचा पॅरिसने आपल्या बाजूने निवाडा द्यावा म्हणून हेरा त्याला राज्य देऊ करते, अथीना युद्धातील विजय आणि प्रेमाची देवी अफ्रोडाइटी हेलेन. म्हणजे एक विवाहित स्त्री, तिला न विचारताच, राज्याच्या बरोबरीने बक्षीस म्हणून मांडली जाते. याहून बोलका पुरावा होमरच्या ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात सापडतो. तटावर बसलेले ट्रॉयचे वृद्ध तिला येताना पाहून, अशा स्त्रीसाठी दोन्ही सैन्यांनी इतकी वर्षे हाल सोसले यात नवल नाही, असे हळू आवाजात म्हणतात, पण तिने जहाजातून परत जावे हेही लगेच जोडतात. पुढे अफ्रोडाइटी लोकर विंचरणाऱ्या म्हातारीच्या रूपात तिला पॅरिसच्या शयनगृहात बोलावण्यासाठी येते. हेलेन तिला ओळखते, साफ नकार देते आणि मग देवीच्या धमकीने घाबरून, शुभ्र वस्त्र अंगाभोवती ओढून मुकाट्याने निघते. प्रेमाच्या देवीला इथे धाक घालावा लागतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र ही कथा सर्वत्र एकसारखी नाही: इ.स.पू. ४१२ मधील युरिपिडीझच्या नाटकात खरी हेलेन युद्धकाळात इजिप्तमध्येच असते आणि ट्रॉयला तिची केवळ छायामूर्ती गेलेली असते.