ताकदीच्या व्यायामात मुलांची गोडी टिकावी म्हणून आपापसात स्पर्धा घ्यावी का? घ्यायची तर कशी?

तुमच्याकडे चौदा ते सतरा वर्षांची दहा-बारा मुलं-मुली बारबेलचा, म्हणजे टोकांना वजनाच्या चकत्या (प्लेट्स) लावलेल्या लोखंडी दांड्याचा (बारचा) व्यायाम शिकायला येतात, पहिले दोन महिने जोरात असतात आणि मग एकेक गळायला लागतात. आपापसात स्पर्धा ठेवली तर टिकतील का, की ईर्ष्येला पेटून कुणी दुखापत करून घेईल, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवतोय. जरूर घ्या, असंच मी सांगेन. फक्त बक्षीस कशाला देणार ते आधी ठरवा, कारण मुलं नेमकी त्याच्याच मागे धावतात.

हे मला चुकीतून कळलं. पहिल्या स्पर्धेत मी साधा हिशोब ठेवला होता : ज्यानं उचललेल्या वजनांची बेरीज जास्त, तो पहिला. वयानं मोठे, अंगानं भरलेले तिघं जिंकणार हे सगळ्यांना आदल्या दिवशीच माहीत होतं. एक शिडशिडीत मुलगा होता, पंधरा वर्षांचा, तीन महिने अगदी नेटानं शिकलेला. डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायच्या प्रकाराच्या, तिसऱ्या प्रयत्नाला त्यानं एकदम पंधरा किलो वाढवून मागितले आणि मी ते दिले. बार गुडघ्यापर्यंत आला, तिथं पाठ कमानीसारखी वाकली, तरी तो सोडेना. मी ओरडलो तेव्हा टाकला. इजा झाली नाही, पण पुढच्या आठवड्यापासून तो यायचा थांबला. चूक माझी होती. नीट उचलण्याला त्या दिवशी आमच्या फळ्यावर काही किंमतच नव्हती.

पुढच्या वेळी मी पॉवरलिफ्टिंगचा साचा तसाच घेतला, पण गुण देण्याची पद्धत बदलली. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट, प्रत्येकाचे तीन प्रयत्न, म्हणजे माणशी नऊ. प्रत्येक प्रयत्नाला तीन पंच, आणि निदान दोघांनी पांढरा दिवा दिला तरच तो वैध, लाल म्हणजे अवैध. आमच्याकडे दिवे नव्हते, पांढरे आणि लाल पुठ्ठे कापून घेतले. पहिला मान ठेवला ‘नऊपैकी नऊ’चा : ज्याचे सगळे प्रयत्न वैध, त्याचं नाव फळ्यावर सगळ्यात वर, मग त्यानं वीस किलोचा नुसता बार उचललेला असो. एवढ्यानं दिवसाचा सूरच पालटला. मुलं ‘मी किती मागू’ऐवजी ‘मला किती नक्की जमेल’ असा विचार करायला लागली. आणि हा विचार करायला शिकलेलं मूल लवकर सोडून जात नाही, असा माझा अनुभव आहे, कारण त्याला स्वतःचा अंदाज यायला लागलेला असतो.

वजन कसं निवडायचं हे मात्र आधी बसून शिकवा. माझा ठोकताळा असा : सरावात ज्या वजनाचे तीन रेप्स, म्हणजे सलग तीन वेळा उचलणं, न अडखळता निघतात, तो पहिला प्रयत्न. दुसरा, आजवर जे जमलंय त्याच्या जवळपास. तिसरा नवा आकडा, पण अडीच किंवा फार तर पाच किलोंनी पुढं. अधिकृत नियमात एकदा उचलायला घेतलेलं वजन पुढच्या प्रयत्नाला कमी करता येत नाही. नवख्यांना मी पहिल्या प्रयत्नापुरती ती सूट देतो. पहिलाच लाल पडला तर मूल घाबरतं, आणि घाबरलेल्या मुलाला त्याच वजनाशी पुन्हा भिडवण्यात काही हशील नाही.

आता पंचांविषयी, कारण मला यातूनच सगळ्यात जास्त मिळालं. पंच बाहेरून आणू नका, मुलांनाच करा. आमच्याकडे एक मुलगा होता, स्क्वॉट कायम अर्धवट. ‘अजून खाली’ हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल, गणतीच नाही. त्याला बाजूचा पंच केलं. नियम सांगितला : मांडी जिथं कमरेला मिळते तिथला वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. तो जमिनीवर एक गुडघा टेकून बसला, डोळे बरोबर समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीला आणून. तिसऱ्या-चौथ्या मुलीला त्यानं लाल पुठ्ठा दाखवला. ती त्याची चांगली मैत्रीण. हात जरा थरथरला, पण पुठ्ठा वरच राहिला. तिनं वळून पाहिलं, मान डोलावली आणि हाताला लावायच्या खडूच्या डब्याकडे गेली. दुसऱ्या प्रयत्नाला ती इतकी खाली बसली की त्यानं पांढरा दाखवून वर टाळ्याही वाजवल्या. पंचानं टाळ्या वाजवायच्या नसतात, पण मी काही बोललो नाही. त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण खाली गेला. माझ्या महिनोन्महिन्यांच्या सांगण्यानं जे झालं नाही, ते दहा जणांचे गुडघे बघून झालं.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंच नाही, त्यांना गळ घालू नका. त्यांना बारवर प्लेट्स चढवायचं काम द्या. 62.5 किलो म्हटल्यावर ‘बार वीसचा, दोन्ही बाजूंना वीस-वीस आणि सव्वा-सव्वा’ हा हिशोब पटकन करणारं मूल त्या दिवशी फार महत्त्वाचं असतं, आणि पुढच्या वेळी बहुधा तेच आपणहून नाव देतं.

क्रमवारीसाठी शरीराच्या वजनाचा हिशोब धरायचा का, हा प्रश्न येईलच. वेगवेगळ्या वजनाच्या खेळाडूंची तुलना करायला वेटलिफ्टिंगमध्ये सिंक्लेअर, पॉवरलिफ्टिंगमध्ये विल्क्स किंवा आता जीएल गुण अशी सूत्रं आहेत. आपापसातल्या स्पर्धेत ती वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. ही सूत्रं मुख्यतः मोठ्यांच्या उच्च पातळीवरच्या कामगिरीवर बेतलेली आहेत, आणि या वयात अंग दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. त्याहून मोठी अडचण अशी, की वजनकाटा मधे आला की कुणीतरी उपाशी राहायला लागतं, पाणी तोडायला लागतं. वाढत्या वयात हे अजिबात नको. मी मुलांना काट्यावर उभंच करत नाही. किती महिने शिकताहेत त्यावर दोन गट करतो, आणि दुसरा मान देतो मागच्या वेळच्या स्वतःच्या बेरजेपुढे जाणाऱ्याला. मुलं हुशार असतात, पहिल्या वेळी मुद्दाम कमी उचलून ठेवतील, म्हणून तो आकडा त्यांच्या सरावाच्या वहीशी ताडून बघा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. ‘वजन उचललं की उंची खुंटते’ असं पालक हमखास म्हणतील. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामानं वाढ खुंटते याला आधार नाही. मुलांना इजा होतात त्या बहुतेक देखरेख नसताना, चुकीच्या पद्धतीनं किंवा अंगावर वजन पडून, आणि स्पर्धेच्या दिवशी नेमकं हेच सांभाळायचं. रॅकचे (बार ठेवायच्या चौकटीचे) सेफ्टी बार लावलेले, प्लेट्स घसरू नयेत म्हणून कॉलर, स्क्वॉट आणि बेंचला जाणते स्पॉटर (बार अडकला तर धरायला उभे असलेले), बेंचला अंगठा बारभोवती गुंडाळलेला. सहा महिन्यांहून कमी शिकलेल्यांना मी एकाच रेपची कमाल मर्यादा गाठू देत नाही. त्यांचे प्रयत्न तीन-तीन रेप्सचे. पाठ गोल झाली की उचलणं थांबवायचा शेवटचा अधिकार तुमचा, आणि तो सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगून टाका. ‘दमेपर्यंत जास्तीत जास्त रेप्स’ असला प्रकार डेडलिफ्टला ठेवू नका, थकल्यावर पहिल्यांदा पाठच ढळते. तशी हौस असेल तर दोन्ही हातांत वजन घेऊन अंतर चालण्याची सांघिक शर्यत ठेवा. त्यात दंगाही भरपूर होतो.

एखाद्याचे तीनही प्रयत्न फसतील, त्याची तयारी ठेवा. असं झालं की मी वेटलिफ्टर मीराबाई चानूची गोष्ट सांगतो. तिच्या खेळात दोन प्रकार : स्नॅच, म्हणजे बार एका दमात डोक्यावर, आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. प्रत्येकाचे तीन प्रयत्न. 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिचे क्लीन अँड जर्कचे तीनही प्रयत्न अवैध ठरले, सहापैकी फक्त एक स्नॅच वैध, त्यामुळे एकूण वजनाची नोंदच झाली नाही. पुढच्याच वर्षी 194 किलो उचलून ती जगज्जेती झाली, आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये 202 किलोंसह रौप्य. गोष्ट सांगून मी तिथंच थांबतो. मग त्या मुलाबरोबर बसून कुठला प्रयत्न कशामुळे गेला ते वहीत लिहितो : टाच उचलली, घाई केली, आकडा जास्त मागितला. कारण लिहिलं गेलं की रडू थांबतं, निदान बऱ्याचदा.

एक बारीक गोष्ट राहिली. प्रत्येक फेरीत बारवरचं वजन चढत जातं, म्हणजे सगळ्यात कमी उचलणारं मूल सगळ्यात आधी येतं. त्या वेळी सगळे शांत असतात, कुणी चप्पल शोधतंय, कुणी पाणी पितंय. तुम्ही स्वतः पुढं उभे राहून त्या पहिल्याला मोठ्यानं हाक द्या. बाकीचे आपोआप तुमच्यामागे ओरडतात.

दहा मुलं आणि नऊ प्रयत्न म्हणजे नव्वद वेळा बार भरायचा. शेवटी सगळे कंटाळतात आणि कंटाळ्यात चुका होतात. म्हणून पहिल्या वेळी बेंच गाळा, स्क्वॉट आणि डेडलिफ्टच ठेवा. पुढची स्पर्धा दहा-बारा आठवड्यांनी, त्याआधी नको, मधे सरावाला वेळ हवा. पण तिची तारीख मात्र फळा पुसायच्या आधीच त्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळचा आकडा आमची मुलं त्या तारखेखाली स्वतःच लिहून जातात.