वाचक विचारतात: लढाईचा माल किनाऱ्यावर उतरवला कोणी?

प्रश्न (आर्वी तालुका, एक शेतकरी वाचक): भाऊ, रात्री मोबाईलवर दुसऱ्या महायुद्धाचे व्हिडिओ पाहत राह्यतो. अमेरिकेचे सैनिक चपट्या बोटीतून समुद्राच्या काठावर उड्या मारतात हे सगळेच दाखवतात, पण मले एक समजत नाही, त्या दहा हजार माणसाईले दुसऱ्या दिवशी खायले कोण देते, पाणी कुठून येते, गोळ्या संपल्या तं काय करतात? तिथं बंदर नाही, रोड नाही, दुकान नाही. हे कोणी सांगत काऊन नाही?

उत्तर: भाऊ, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण पॅसिफिकची म्हणजे प्रशांत महासागरातली अमेरिका-जपानची लढाई समजायची असेल तर इथूनच सुरुवात करावी लागते, आणि बहुतेक लोक इथं येतच नाहीत.

हे काम करणारी जहाजं वेगळी होती. अमेरिकन नेव्हीत आधी ती नुसती कार्गो शिप म्हणून चालायची, मग फेब्रुवारी १९४३ पासून किनाऱ्यावर हल्ला करणाऱ्या ताफ्यातल्या जहाजांना अटॅक कार्गो शिप असा वेगळा दर्जा दिला. साधारण १४० मीटर लांब, वेग १६ नॉटच्या आसपास म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर, डेकवर वीस-बावीस लँडिंग बोटी रचून ठेवलेल्या, विमानांवर मारा करायला तोफा, आणि चारशेच्या जवळपास खलाशी. युद्ध संपेपर्यंत अशी १०८ जहाजं झाली.

आता यातली खरी हुशारी माल भरण्यात आहे. व्यापारी जहाज भरताना हिशोब एकच असतो, जागा वाया जाऊ नये. लढाईचं जहाज तसं भरलं तर माणसं मरतात. पेरणीच्या दिवशी वावरात जायची बंडी भरताना आपण तिफन आणि बियाण्याची थैली वर ठेवतो ना, कारण गेल्या गेल्या तेच लागणार, तसंच तिथं काडतुसं, पाण्याचे डबे, काटेरी तार, औषधं सगळ्यात शेवटी चढवायची म्हणजे ती सगळ्यात आधी हाताला येतात. त्यात पुन्हा सगळा दारूगोळा एकाच जहाजात ठेवायचा नाही, ते बुडालं तर सगळंच गेलं, म्हणून थोडा थोडा सगळ्या जहाजांत वाटून द्यायचा, आणि एका जहाजातही वेगवेगळ्या कप्प्यांत वाटायचा म्हणजे सगळ्या क्रेन एकाच वेळी चालू राहतात. अशा भरण्यात बरीच जागा रिकामी जाते, पण ती जाऊ द्यावीच लागते.

हे किती अवघड आहे ते जुलै १९४२ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बंदरात दिसलं. प्रशांत महासागरातल्या ग्वाडालकनाल बेटावर उतरायचं ठरलं तेव्हा मरीन सैनिकांचा (जहाजातून उतरून किनाऱ्यावर लढणारी अमेरिकेची फौज) बराचसा माल अमेरिकेतून व्यापारी पद्धतीनं भरून आला होता, तो सगळा धक्क्यावर उतरवून पुन्हा नव्यानं भरायचा होता, वेळ नव्हता, गोदी कामगारांशी वाद झाला म्हणून मरीन लोकांनी स्वतःच पाळ्या लावून रात्रंदिवस हमाली केली. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, वरून सतत पाऊस, पुठ्ठ्याची खोकी भिजून फाटली आणि धक्क्यावर कॉर्नफ्लेक्सचा चिखल झाला. ९० दिवसांचा शिधा न्यायचा होता तो ६० दिवसांवर आणावा लागला, तंबू-बिछाने मागेच ठेवले.

७ ऑगस्ट १९४२ ला ते उतरले. पहिल्या दिवशी तिथल्या किनाऱ्यावर जपान्यांनी जवळपास विरोधच केला नाही, पण गोंधळ मालाचा झाला. बोटी भराभर माल आणून टाकत होत्या आणि वाळूवरून तो उचलून आत नेणारी माणसं फार थोडी, त्यामुळे खोक्यांचे ढीग लागले, शंभरेक बोटी काठाला लागून उभ्या आणि मागे आणखी बोटी नंबर लावून समुद्रात. जपानी विमानांचा नेम चुकला म्हणून वाचले, नाहीतर तो ढीग उडवायला मोजके बॉम्ब पुरले असते. मग ८ तारखेच्या रात्री सावो बेटाजवळ जपानी नौदलानं येऊन दोस्त राष्ट्रांच्या म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या चार मोठ्या क्रूझर (युद्धनौका) बुडवल्या, संरक्षणाला कोणी उरलं नाही, आणि ९ तारखेला मालवाहू जहाजं बराचसा माल पोटात तसाच ठेवून निघून गेली. किनाऱ्यावरच्या माणसांना दिवसाला दोनच जेवणं मिळायला लागली, त्यातही जपान्यांच्या छावणीत सापडलेल्या तांदळाचा मोठा आधार होता. विमानतळ पूर्ण करायला स्वतःचा एकच बुलडोझर उतरला होता, बाकी काम जपानी लोक सोडून गेले त्या रोलर आणि ट्रकवर केलं, आणि २० ऑगस्टला पहिली लढाऊ विमानं उतरली.

बंदूकवाला शूर होताच, पण माझं मत असं की ग्वाडालकनालवर तो टिकला तो त्या धक्क्यावरच्या आणि वाळूवरच्या हमालीमुळे. पुढच्या प्रत्येक लँडिंगमध्ये माल ओढणाऱ्यांची वेगळी तुकडी, काठावर ट्रॅफिक सांभाळणारा बीचमास्टर, कोणता माल कुठं टाकायचा त्याच्या पाट्या, हे सगळं वाढत गेलं ते याच अनुभवातून.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर, कॉलेजची विद्यार्थिनी): सर, मी अजून समुद्र पाहिला नाही. मोठं जहाज सरळ काठाला का नेत नाहीत, आणि त्या पुढून दार पडणाऱ्या बोटी नेमक्या कशा असतात?

उत्तर: बेटा, भरलेलं मोठं जहाज पाण्यात सात-आठ मीटर बुडालेलं असतं, काठाजवळ पाणी उथळ, म्हणून ते काही किलोमीटर लांबच थांबतं. तिथून क्रेननं बोटी पाण्यात सोडायच्या, मग मोठ्या जाळ्यांत खोकी बांधून त्या हलत्या बोटीत उतरवायची. वर जहाज हलतंय, खाली बोट लाटेवर वर-खाली होतेय आणि मधे दोन टनाचं जाळं लटकतंय. बोटीतल्या पोराचा हात-पाय मधे सापडला तर चिरडलाच, असे अपघात रोजचे होते.

दार पडणारी छोटी बोट न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्सच्या कारखान्यात डिझाइन झाली, ३६ फूट लांब, बरीचशी प्लायवूडची, तिच्यात ३६ सैनिक किंवा एक जीप किंवा साडेतीन टनांच्या वर माल मावायचा. त्याहून मोठी बोट लोखंडी, तिच्यात ३० टनांचा रणगाडा जायचा, आणि ती उचलायला जहाजावर खास जाड बूम म्हणजे क्रेनचा दांडा असायचा.

पण या बोटींनाही साडेतीन-चार फूट पाणी लागतंच, आणि २० नोव्हेंबर १९४३ ला तारावा बेटावर तेवढं पाणीच नव्हतं. समुद्राला रोज भरती-ओहोटी येते, अमावस्या-पौर्णिमेला मोठी, तिला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास कमी, ती भांगाची भरती. तारावाच्या भोवती प्रवाळाचा खडक होता आणि दिवस भांगाचे होते, तिथं राहिलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं पाणी कमी पडेल असा इशाराही दिला होता, तरी ठरलेल्या दिवशीच गेले. बोटी खडकाला अडकल्या, सैनिकांना अर्धा किलोमीटर कमरेभर पाण्यातून मशीनगनच्या माऱ्यात चालावं लागलं. पट्ट्यावर चालणाऱ्या उभयचर (पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या) गाड्या तेवढ्या खडकावरून पलीकडे गेल्या, पण त्या कमी होत्या. तीन-साडेतीन दिवसांत अमेरिकेची हजाराच्या आसपास माणसं मेली. ओहोटी पाहून बेत बदलला असता तर त्यातली कितीतरी जगली असती असं मला मनापासून वाटतं.

पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा या जपानी बेटावर वेगळाच त्रास. काठ चढाचा, वाळू ज्वालामुखीची काळी आणि भुसभुशीत, चाकं आत रुतून बसायची आणि बोटी लाटेनं आडव्या होऊन फुटायच्या, मग लोखंडी जाळीच्या पट्ट्या अंथरून त्यावरून गाड्या काढल्या.

प्रश्न (पुलगावजवळच्या गावातून, एक ताई): माझे वडील दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होते, पेटी उचलताना किती जपावं लागते ते घरात ऐकत मोठी झाले. त्या जहाजात तं पेट्रोल आणि बॉम्ब संगंच राह्यत असन. लागली आग तं?

उत्तर: ताई, संगंच असायचं. आणि त्याची सगळ्यात जिगरबाज गोष्ट अल्चिबा नावाच्या जहाजाची आहे. अशा बऱ्याच जहाजांना तारे आणि राशींची नावं दिली होती, लिब्रा म्हणजे तूळ, व्हर्गो म्हणजे कन्या, आणि अल्चिबा हा तारा आपल्या हस्त नक्षत्रातला, ज्याच्या पावसाची आपण सोयाबीनच्या वेळी धास्ती घेतो.

२८ नोव्हेंबर १९४२ ला सकाळी हे जहाज ग्वाडालकनालच्या लुंगा पॉइंटजवळ पेट्रोलचे ड्रम आणि दारूगोळा घेऊन उभं असताना छोट्या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं (पाण्यातून येऊन आदळणाऱ्या बॉम्बनं) फुटलं, ज्वाळा आभाळात गेल्या. कप्तानानं जहाज सोडलं नाही, इंजिन चालू करून सरळ वाळूवर चढवलं म्हणजे ते बुडणार नाही, आणि खलाशी एका बाजूनं आग विझवत होते, दुसऱ्या बाजूनं तापलेल्या कप्प्यातून दारूगोळा बाहेर काढत होते. आग पाच दिवसांच्या वर धुमसत राहिली. ती आटोक्यात येते न येते तोच ७ डिसेंबरला दुसरा टॉर्पेडो लागला. नौदलानं हे जहाज गेलंच असं जाहीर करून टाकलं होतं, पण त्यांनी ते तरंगवलं, कॅलिफोर्नियात नेऊन दुरुस्त केलं आणि ते पुन्हा पॅसिफिकमध्ये कामाला लागलं. जहाजातला बराच माल त्यांनी किनाऱ्यावर पोचवलाही. जहाजाला प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन म्हणजे शौर्यासाठी अख्ख्या तुकडीला मिळणारा राष्ट्राध्यक्षांचा मान मिळाला, मालवाहू जहाजाला हा मान मिळणं फार दुर्मिळ.

सगळी वाचली नाहीत. त्याच लुंगा पॉइंटजवळ २९ जानेवारी १९४५ च्या रात्री सर्पेन्स या जहाजावर पाणबुडीविरोधी बॉम्ब चढवताना स्फोट झाला, पुढचं टोक तेवढं उरलं आणि अडीचशे माणसं गेली. अमेरिकन कोस्ट गार्डच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी दुर्घटना.

आणि ताई, तुमच्या वडिलांच्या कामाशी अगदी जवळची गोष्ट बंदरातली आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळ पोर्ट शिकागो इथं पॅसिफिककडे जाणारा दारूगोळा जहाजात भरायचे. भरणारे जवळजवळ सगळे काळे खलाशी, हुकूम देणारे गोरे अधिकारी, दारूगोळा हाताळायचं धड शिक्षण कोणी दिलेलं नाही, उलट कोणती टोळी जास्त भरते याची शर्यत लावायचे. १७ जुलै १९४४ च्या रात्री स्फोट झाला, ३२० जण मेले, त्यात २०२ काळे खलाशी. काही आठवड्यांनी उरलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी नकार दिला, त्यातल्या ५० जणांवर बंडाचा खटला भरून शिक्षा केली. ८० वर्षांनी, १७ जुलै २०२४ ला, अमेरिकन नौदलानं त्यांना निर्दोष ठरवलं, आणि ते ऐकायला त्यातलं कोणीही जिवंत नव्हतं. माणसाचा रंग पाहून जोखमीचं काम वाटायचं आणि वर त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, याचा मला आजही संताप येतो.

प्रश्न (कारंजा लाड): भाचा नेव्हीच्या अग्निवीर भरतीची तयारी करून राह्यला. अशी जहाजं आपल्याकडे आहेत काय?

उत्तर: दादा, आहेत, पण काम करायची रीत बदलली. आयएनएस जलाश्व हे आपलं या कामाचं सगळ्यात मोठं जहाज, आधी अमेरिकेचं ट्रेंटन होतं, २००७ मध्ये आपण घेतलं, विशाखापट्टणमला असतं. त्याच्या मागच्या भागात पाणी आत घेता येतं, मग रणगाडा भरलेली बोट आतूनच तरंगत बाहेर निघते, क्रेननं लटकवायची गरज राहत नाही. घडियाल, शार्दुल, केसरी, ऐरावत ही जहाजं तर तोंड उघडून काठाला लागतात आणि गाड्या सरळ वाळूवर उतरतात. मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात जलाश्वनं मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं होतं. भाच्याची निवड झाली तर सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशात चिल्का इथं होतं, त्याला आतापासून पोहायला शिकवा, गावात तलाव असेल तर कोणीतरी जाणता सोबत ठेवून.